नऊ मिनिटांचं शेत

मी मोबाइल बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात आणि मी नुसता निरोप्या. आज मला स्वतःचं बोलायचंय. माझी बॅटरी फुगली आहे, मागचं झाकण उचकलंय आणि परवाच दुरुस्तीवाल्यानं मला हातात घेऊन तोंडावर सांगितलंय, ''ताई, आता ह्याच्यात काही दम न्हाई.''

सध्या मी बदनापुरात, स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत, खिडकीतल्या फळीवर असतो. खोलीत दोघीच राहतात, कांताबाई आणि त्यांची लेक दीपमाला. माझ्या शेजारी फळीवर एक खोकं आहे. त्यात नवा कोरा मोबाइल आहे. चार महिने झाले, ते खोकं कुणी उघडलेलं नाही. कामून ते ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही आणि त्यात काही विशेषही नाही, आमची खानेसुमारी लाखांनी होते. मला पहिला मालक मिळाला तो जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये. संघपाल त्याचं नाव. कांताबाईंचा मुलगा, दीपमालाचा धाकटा भाऊ. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मला विकत घेतलं त्या दिवशी त्यानं माझ्या दर्शनी भागावर एक फोटो लावला होता. काळी माती, मोसंबीची गुडघ्याएवढी रोपं, मागं विहिरीचा कठडा. ऑफिसात कुणी विचारलं की तो अभिमानानं सांगायचा, हे माझं शेत. त्या शेतात तो शेवटचा कधी वाकला होता, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

शेताची गोष्ट मी त्याच्याच तोंडून ऐकली. त्याचे आजोबा कचरू रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर रुळाखालची खडी ठोकली आणि त्या पगारातून बदनापूरजवळ चार एकर मुरमाड जमीन घेतली. तोवर त्या घरात कुणाच्या नावावर ओंजळभर मातीही नव्हती. गाव हसलं, म्हणालं, दगडं घेतली इकत. कचरूनं चारी कोपऱ्यांवर एकेक दगड स्वतः गाडला आणि गाळ आणून आणून मुरमाची माती केली. त्यांचे चिरंजीव शिवाजीराव, म्हणजे संघपालचे वडील, यांनी विहीर खोदली. ही गोष्ट संघपाल परक्या लोकांना फार छान सांगायचा. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे.

शिवाजीराव गेले ते मी संघपालच्या स्वयंपाकघरात पाहिलं. गावातला कुणी तरी अंत्यविधीत आपला फोन धरून उभा होता आणि हा इकडं मला धरून. विमानाचं तिकीट मिळेना, सुट्टी मिळेना. तो ओट्याला टेकून हमसून हमसून रडला. ते रडणं खरं होतं, मी त्याच्या हातातच होतो. उगाच कुणावर खोटं बालंट आणणार नाही.

पण त्यानंतर चार महिन्यांनी त्याच ओट्याशी उभं राहून त्यानं माझ्यात एक प्रश्न टाइप केला. 'बहिणीच्या सहीशिवाय वडिलांची जमीन विकता येते का.' उत्तर आलं, येत नाही. त्यानं ते दोनदा वाचलं आणि मला पालथं ठेवलं.

जानेवारीत तो आठ दिवसांसाठी गावी आला. तेव्हा मी दीपमालाला पहिल्यांदा पाहिलं. उन्हानं रापलेली, चाळिशीची, चालताना कायम घाईत. अंबडला दिलं होतं तिला. तिथं नांदणं जमलं नाही म्हणून ती परत आली आणि बापाच्या हाताखाली शेत करू लागली. मोसंबीची बाग तिनंच लावली. मोसंबी म्हणजे कापूस नव्हे, की आज पेरला आणि दिवाळीला वेचला. पाच-सहा वर्षं पोरासारखी सांभाळावी लागते, तेव्हा कुठं पहिलं धड पीक हाती येतं. तोवर झाडांच्या मधल्या पट्ट्यात तूर आणि कापूस घेऊन मायलेकींचं भागत होतं. शिवाजीरावांची राख तिनं विहिरीजवळ मातीत मिसळली होती आणि त्यावर पिंपळ लावला होता. कांताबाई रोज तिन्हीसांजेला त्याला तांब्याभर पाणी घालायच्या आणि दिवसभराचं काय-काय झालं ते त्याला सांगायच्या.

''ताई,'' संघपाल तिसऱ्या दिवशी म्हणाला, ''सातबाऱ्यावर तिघांची नावं राहिली की लई कटकट व्हते. मला तिकडून दरवेळी येणं जमत न्हाई. एका नावावर करून टाकू. शेत तर तूच करणारंय.''

''मंग त्यात इचारायचं काय? सांग कुठं सही करायची.''

आता ही आमच्याकडची रीत ऐका. बाप गेला की बहीण हक्कसोडपत्र करून देते, आपला वाटा भावाला सोडून देते. ज्या बहिणी वाटा मागतात, त्यांचं माहेर तुटलं म्हणतात. त्यांना सणाला बोलावणं नाही, त्यांच्या पोरांना मामा नाही. म्हणून शहाण्या म्हणवणाऱ्या बायकाही निमूट सह्या करतात. माहेर राहावं म्हणून जमीन सोडतात. दीपमाला तर त्याच जमिनीवर राबत होती, तिला जमीन आणि माहेर वेगळं वाटलंच नाही.

बदनापूरच्या रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी विचारलं, ''खुशीनं देताय ना बाई? कुणाची जबरदस्ती न्हाई ना?''

''माझा भाऊ हाय तो,'' दीपमाला हसून म्हणाली. कांताबाईंनीही आपला वाटा सोडला. मी संघपालच्या खिशातून हे सगळं ऐकत होतो. त्या वेळी मला एकदाच बोलता आलं असतं तर! पण आमच्या जातीला सगळं ऐकू येतं आणि स्वतःचं एक अक्षर बोलता येत नाही.

रीतीप्रमाणे भावानं दोघींना साडी घेतली. मग हॉटेलात पोहे खाताना मला खिशातून काढलं. ''ताई, हा तुला. मी नवा घेतलाय. ह्याचा कॅमेरा लई भारी आहे. दर रविवारी मला शेत दाखवत जा.'' आणि तिच्यादेखत त्यानं माझ्यातलं सगळं पुसलं. फोटो गेले, नंबर गेले, तो प्रश्नही गेला. ''बघ, आता एकदम कोरा झाला.''

पुसलं की पुसलं गेलं असं माणसांना वाटतं. मी त्या दिवशी दीपमालाच्या पदराला बांधला गेलो तो ते सगळं घेऊनच.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. खोटं कशाला बोलू? मला माती लागली, औषधाच्या फवाऱ्याचा वास लागला, एकदा तर मी पाटात पडलो आणि दीपमालानं मला दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. दर रविवारी दुपारी संघपालचा फोन यायचा. त्याची तिकडं सकाळ असायची, हातात कॉफी.

''जयभीम ताई. कसंय?''

''जयभीम. थांब, तुला कळी दाखवते.''

कधी त्याची लेक पायल मधून डोकावायची, तिला बैल हवा असायचा. आमच्याकडं बैल नव्हता म्हणून दीपमाला मला घेऊन शेजारच्या शेतात पळायची. कांताबाई मला कानाला लावायच्या, त्यामुळं संघपालला पडद्यावर आईचा नुसता कानच दिसायचा. तो म्हणायचा, ''माय, तोंडासमोर धर.'' त्या म्हणायच्या, ''मंग ऐकू कसं येईल?''

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात बाग ताणावर होती. मोसंबीला पाणी तोडावं लागतं, महिना-दीड महिना तहानलेलं ठेवावं लागतं, तेव्हा ती जीव धरून फुलते. पानं पिवळी पडतात, गळतात. अनोळखी माणसाला वाटावं, बाग गेली. त्या रविवारी संघपाल म्हणाला, ''ताई, मला एक चांगला लांब व्हिडिओ पाठव. सगळा बांध फिरून. चारी कोपरे, विहीर, रस्ता, सगळं. लई आठवण येते गं.''

''आत्ता काढते की.''

''आत्ता नको. पानं पिवळी दिसून राह्यलीत. बहार धरला की काढ.''

दीपमालानं ते कांताबाईंना कौतुकानं सांगितलं. ''बघ माय, तिकडं राहून बी त्याला बागेतलं कळतं.'' मला मात्र ओट्याशी टाइप केलेला तो प्रश्न आठवला. ज्याला आठवण येते त्याला पिवळी पानंही चालतात. पिवळी पानं गिऱ्हाइकाला चालत नाहीत.

फेब्रुवारीत बाग पांढरी झाली. इतकी फुलं की पानं दिसेनात. फुलांचा वास काही माझ्यात उतरत नाही, तेवढाच एक माल संघपालला नेता आला नाही. त्या सकाळी दीपमालानं डोक्यावरून आंघोळ केली, हक्कसोडीची तीच साडी नेसली आणि मला समोर धरून उत्तरेच्या कोपऱ्यातून चालायला लागली. नऊ मिनिटं अखंड. तिचे शब्द मला पाठ आहेत.

''जयभीम संघा. हितून आपली हद्द चालू व्हती. ह्यो आज्यानं गाडलेला दगड, बघ, अजून बराबर जाग्यावर हाय. शेजाऱ्याची आन आपली बांधावरून कधीच कुरबुर न्हाई. ही गाडीवाट, थेट डांबरीला लागती, बारा महिने ट्रक येतो. ही आपली हीर. पाणी बघ किती वर हाय. मे महिन्यात बी तळ दिसत न्हाई. माती बघ, आता कोन म्हणंल हे मुरमाड व्हतं? आन ही बाग. औंदा पहिला बहार हाय संघा. झाड मोडून पडंल इतकं लागणारंय. आन ह्यो बाबाचा पिंपळ. बाबा, संघाला जयभीम घाला.''

गिऱ्हाईक जे-जे विचारतं ते-ते तिनं न विचारता सांगितलं. तिनं भावाला खूश करायला सांगितलं. ते तिकडं पाठवलं मीच. क्षणभर मी मधेच गोल-गोल फिरत राहिलो, पण गावात त्या दिवशी नेमकी रेंज चांगली होती.

''एकच नंबर, ताई,'' असं उत्तर आलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी दीपमाला आळ्यातलं तण काढत होती आणि मी पिशवीत घालून फांदीला टांगलेला होतो. गाडीवाटेनं एक जीप आली. तिच्यातून दोघं उतरले. एक मिथुन, संघपालचा कॉलेजातला मित्र, जालन्याला जमिनीचे व्यवहार करतो. दुसरे पन्नाशीचे बद्रीनाथराव, अंबडकडचे बागायतदार. बद्रीनाथरावांनी आपला मोबाइल समोर धरला होता आणि त्यात बघत-बघत ते उत्तरेच्या कोपऱ्यातून चालू लागले. आणि त्या मोबाइलमधून आवाज येत होता.

''जयभीम संघा. हितून आपली हद्द चालू व्हती.''

दीपमाला खुरपं हातात धरून उभी राहिली. कुणी तरी आपल्याच घरात आपल्याच आवाजात बोलावं तशी ती इकडं-तिकडं बघू लागली.

''ह्यो आवाज...''

''तुमचाच की ताई,'' बद्रीनाथराव मनापासून म्हणाले. ''लई बेस सांगितलंय तुम्ही. खरं सांगतो, मी हे ऐकूनच व्यवहार केला. दलालाच्या बोलण्यावर म्या बिलकुल गेलो नसतो.''

''कोनता व्यवहार?''

मिथुन आपल्या चपलेकडं बघत होता. ''ताई, संघानं सांगितलं न्हाई तुम्हाला? मुखत्यारपत्र पाठवलं त्यानं माझ्या नावानं. खरेदीखत झालं की मागच्या हप्त्यात. मला म्हनला, ताईला मी सांगतो.''

बद्रीनाथरावांनी घाईघाईनं मोबाइल बंद करायचा प्रयत्न केला, पण गडबडीत तो बंद होईना. ''औंदा पहिला बहार हाय संघा,'' असं त्यातून ऐकू येत राहिलं. शेवटी त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात कोंबला. ''मला वाटलं तुम्हीच इकून राह्यल्या, ताई,'' ते म्हणाले. ''देवाशपथ तसं वाटलं.''

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि कापायला वापरलेला केस मीच होतो.

दीपमाला ओरडली नाही. फांदीवरून तिनं मला काढलं आणि पिंपळाखाली जाऊन फोन लावला. रविवार नसताना फोन आला म्हणून संघपालनं घाबरून लगेच उचलला.

''काय झालं ताई? माय बरी आहे ना?''

''शेत इकलंस?''

''मिथुन आल्ता का? मी ह्या रविवारी सांगणारच होतो, ताई. ऐक तर. मी काय परत येणारंय का तिथं? पायल येऊन खुरपणारंय का? आम्ही इथं घर घेतलंय. आज ना उद्या इकावंच लागलं असतं.''

''मंग मला आधी कामून न्हाई बोललास?''

''तू रडली असतीस. मंग माझ्याच्यानं झालंच नसतं.''

मी त्याला ओळखतो. हे तो खरंच बोलला. त्या सबंध व्यवहारात तो बोललेलं खरं वाक्य ते एवढंच.

''संघा,'' दीपमाला म्हणाली, ''शेत तुझ्या नावावर व्हतं. तू इकलंस. माझा आवाज कुणाच्या नावावर व्हता रे?''

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग संघपाल घाईनं, लहान मुलाला खाऊ दाखवावा तसा म्हणाला, ''ताई, तुम्हाला वाऱ्यावर सोडणार न्हाई मी. खोली बघून देतो. आन तुला नवा फोन पाठवतो. तो लई जुना झाला.''

तिनं मला बंद केलं. कांताबाई मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी लेकाला शिव्या दिल्या नाहीत. बद्रीनाथरावांकडं वळून त्या एवढंच म्हणाल्या, ''दादा, पिंपळाचं काय करणार?''

''त्याला हात लावणार न्हाई, माय. शब्द देतो.'' माणूस वाईट नव्हता. बाग तुम्हालाच कळते, तर कामाला येत जा, असंही तो म्हणाला. दीपमाला नको म्हणाली. आता ती एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते.

बद्रीनाथरावांनी शब्द पावसाळा सरेपर्यंत पाळला. मग विहिरीचं बांधकाम बघायला आलेल्या कारागिरानं सांगितलं की पिंपळाच्या मुळ्या विहिरीचा कठडा फोडतील. पिंपळ काढल्याचं ते स्वतः खोलीवर सांगायला आले, हे मात्र कबूल केलं पाहिजे. येताना पिशवीभर मोसंबी घेऊन आले. त्या बागेचा पहिला बहार. कांताबाईंनी पिशवी उंबऱ्यातच ठेवू दिली. ते गेल्यावर दीपमालानं त्यातली एक सोलली, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, ''गोड हाय.'' बाकीची सगळी तिनं गल्लीतल्या लेकरांना वाटून टाकली.

तर आता शेत उरलंय ते माझ्या पोटात. नऊ मिनिटांचं. ज्या व्हिडिओनं ते गेलं, तोच आता कांताबाई रोज तिन्हीसांजेला बघतात. दुसरा आहेच कुठं? शेवटी पिंपळ आला की म्हणतात, ''थांबव गं.'' दीपमाला बोट टेकवून मला थांबवते. मग त्या पिंपळाला दिवसभराचं सांगतात. आज डाळ महागली, नळाला पाणी आलं नाही, गुडघा दुखतोय. पाणी घालता येत नाही एवढंच. नवा फोन आला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, सगळं ह्याच्यातून त्याच्यात टाकून देतो, पाच मिनिटांचं काम. कांताबाई म्हणाल्या, ''नको. तो नवा संघाचा हाय.'' म्हणून ते खोकं तसंच.

मागच्या रविवारी संघपालचा फोन आला. आता तो दर रविवारी फोन करत नाही आणि केला तरी कॅमेरा लावत नाही. ख्यालीखुशाली झाली. मग म्हणाला, ''ताई, एक काम व्हतं. तो शेताचा व्हिडिओ आहे का गं तुझ्याकडे? माझ्याकडचा पुसला गेला. पायलच्या शाळेत सगळे आपापल्या आजोबांचं गाव दाखवून राह्यलेत. ती हट्ट धरून बसलीय.''

मला वाटलं, आता ती मला भिंतीवर मारणार. मारलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

''पाठव,'' कोपऱ्यातून कांताबाई म्हणाल्या. ''लेकराचा काय दोष? तिच्या बी पणज्याचं हाय ते.''

दीपमालानं मला मांडीवर घेतलं. व्हिडिओ शोधला. पाठवायच्या आधी वरच्या कोपऱ्यात कर्ण्याची एक बारीक खूण असते, ती दाबली की नुसतं चित्र जातं आणि आवाज मागं राहतो. शाळेतल्या एका पोरीनं तिला ती शिकवली होती. दीपमालानं त्या खुणेवर बोट टेकवलं. मग पाठवलं. आज्याचा दगड गेला, विहीर गेली, फुललेली बाग गेली, पिंपळ गेला. सगळं मुकं.

तासाभरानं त्याचा निरोप आला. ''ताई, आवाज येत नाहीये.''

तिनं वाचला आणि मला चार्जिंगला लावून भाकरी थापायला बसली.

दूरदेशी असलेल्या लेकरांनो, तुम्हाला जमीन विकायची तर विका. कागद तुमच्या नावाचे असतात, मी कोण अडवणारा? फक्त जी बहीण तुमच्यासाठी बांध फिरते, तिला आधी सांगा की ती कुणाला शेत दाखवते आहे. आणि माझं म्हणाल तर मी आता फार दिवस टिकणार नाही. एखाद्या सकाळी मला सुरू करतील आणि मी सुरू होणार नाही. कांताबाई त्या तिन्हीसांजेला काय करतील, याचा विचार आला की माझं अंग तापतं. दुरुस्तीवाला म्हणतो, जुन्या बॅटऱ्या अशाच तापतात.